खालचा सूर

वसतिगृह, खोली २३
११ जुलै

ती. आईस,
ठकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतच्या तीन कोऱ्या वह्या सुखरूप पोचल्या. वह्यांची शिवण बघून इथल्या मुलींनी विचारलं की एवढ्या देखण्या वह्या कुठून आणल्यास. मी ऐटीत सांगितलं, आमच्या घरी पिकतात.

आता खरी बातमी, बसून वाच. मला बिनसाजमध्ये घेतलं! बिनसाज म्हणजे आमच्या कॉलेजातल्या मुलींचा गाण्याचा गट. एकूण अकरा जणी, आणि नावाप्रमाणेच साथीला एकही वाद्य नाही. जे काय वाजायचं ते गळ्यातून. ठेकासुद्धा एक मुलगी तोंडानंच धरते. पुढे उभ्या असलेल्यांच्या मानेवर थोडी थुंकी उडते, पण ताल सुटत नाही. काही जणी वरच्या सुरात गातात, काही मधल्या, आणि आम्ही तिघी अगदी खाली. खालच्या सुराकडे ऐकणाऱ्यांचं लक्ष नसतं, टाळ्या वरच्यांना मिळतात. पण आमची कप्तान सांगते की वरच्या मजल्यावर कितीही नाचा, खालची जमीन हलली की सगळ्या खाली. कप्तान गणिताची विद्यार्थिनी आहे, तिचं बोलणं असंच असतं.

आणि ऐक, गाण्याआधीचा पहिला सूर मी देते. इतर गटांत त्यासाठी एक छोटी फुंकणी वाजवतात. मला लागत नाही. सूर डोक्यात तयारच असतो, मी फक्त गुणगुणते आणि बाकीच्या दहा जणी त्याला धरून उभ्या राहतात.

सराव ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात असतो. चार मजल्यांचा दगडी जिना. आवाज वर जातो, फिरून येतो आणि आपल्याच डोक्यावर पडतो. तुला ऐकवता आलं असतं तर, असं रोज वाटतं. इथे खाली फोन आहे, पण फोनवर तुझी-माझी गाठ पडायची नाही हे दोघींना ठाऊक आहे. त्या छापखान्याच्या मशिनींना माझे शिव्याशाप कळव. तुझे कान खाल्ले त्यांनी.

उत्तर लवकर पाठव. तुझी माया इथवर पोचते आहे, तिचा रस्ता बंद होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू


घर
१९ जुलै

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून इतका आनंद झाला की जेवणाच्या सुट्टीत बांधणीतल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. थुंकीचं ऐकून हसल्या. फोरमनसाहेबही येऊन गेले आणि म्हणाले की मुलीचं नाव काढलं हो. म्हणजे मुलीनं नाव काढलं, असं म्हणायचं होतं त्यांना. ते नेहमी उलटंच बोलतात.

इथे शाळेच्या पुस्तकांची घाई आहे. दिवसाला छापील कागदांचे किती फर्मे हाताखालून जातात त्याला गणती नाही. घडी घाल, पट्टीनं दाब, पुढे सरकव. काल एका भूगोलात इतिहासाचा फर्मा शिवला गेला. वेळेवर दिसला, नाहीतर पोरांना नदीकाठी एकदम लढाई लागली असती.

गाणं मला ऐकवता येणार नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू लिहितेस ते मला दिसतं. कुठली कुठे उभी असते, कोण डोळे मिटते, कोण मान हलवते, ते लिहीत जा. मशिनींना शिव्या मात्र देऊ नकोस. बिचारी लोखंडाची, ती काय करणार.

अंगावर गरम घालून सरावाला जात जा. दगडी जिना म्हणजे गारठा असणार. प्रेम आहेच, पत्रागणिक त्यात भर पडो.

तुझी,
आई


वसतिगृह, खोली २३
४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धर. जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे आणि आमची निवड झाली आहे. बिनसाज सहा वर्षांनी पहिल्यांदा जाणार. कप्तानचं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे ती हात धुऊन आमच्या मागे लागली आहे.

सगळ्यात जास्त माझ्या. म्हणते, तुझा आवाज पोचत नाही. आई, मला तर वाटतं की मी घसा फोडून ओरडते आहे, माझंच डोकं दणाणतं. मी तिला म्हटलं की स्वतःचे कान तपासून घे. त्यावर बाकीच्या सगळ्या एकदम म्हणाल्या की नाही गं, खरंच हळू गातेस. आता माझं नाव कुजबुज पडलं आहे. आमच्यात सगळ्यात वर गाणारी एक दंतवैद्याची मुलगी आहे. ती मला बघितलं की मुद्दाम कानामागे हात धरते.

आणि गंमत सांगते. भोजनालयात दोनशे ताटं वाजत असतात, तिथे मला सगळ्यांचं बोलणं स्वच्छ कळतं. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि तिथे बाईंचं अर्धं वाक्य निसटतं. तुलाही मशीन चालू असलं की लोकांचं बोलणं जास्त समजतं ना? लेक शोभते तुझी! बहुतेक सर्दी कानात उतरली आहे. सर्दी गेली की बरी होईन.

काळजीचं काही नाही. तू तब्येत सांभाळ आणि लेकीवरचा जीव ढळू देऊ नकोस.

तुझी,
ठकू ऊर्फ कुजबुज


घर
८ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र आजच मिळालं, आजच उत्तर टाकते आहे. घाईत आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

दोन्ही कानांना कमी येतं की एकाच? खाताना चावण्याचा आवाज डोक्यात मोठा घुमतो का? आजूबाजूला शांत असताना कानात घुंई असं काही चालू असतं का? पुरुषाचा जाड आवाज जास्त निसटतो की बाईचा बारीक? हे सगळं आठवून लिही. आणि कॉलेजच्या दवाखान्यात नको, मोठ्या इस्पितळात कानाच्या डॉक्टरांकडे जा.

उगाच विचारते आहे. सर्दीच असेल. वाफ घे.

तुझी,
आई


वसतिगृह, खोली २३
२ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. ख्याली-खुशाली नाही, छापखान्याची बातमी नाही, नुसती प्रश्नपत्रिका! मग जेवायला बसले, पाव तोडून तोंडात टाकला आणि हसू थांबलं. खरंच घुमतो गं आवाज. घुंई पण आहे. मला वाटायचं वसतिगृहाच्या पाण्याच्या पंपाचा आवाज आहे. तुला हे कोणी सांगितलं?

कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले मळ आहे, आणि थेंब दिले. मोठ्या इस्पितळात जायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि कप्तान सरावाला दहा मिनिटं उशीर झाला तरी बोलत नाही दिवसभर. स्पर्धा झाली की जाईन, शपथ.

बाकी सगळं छान. शेजारच्या मुलींच्या तोंडाकडे बघून गायची एक युक्ती मला सापडली आहे. हनुवटी कधी खाली जाते, गळा कधी फुगतो, यावरून पुढचा सूर आधीच कळतो. तू लोकांच्या ओठांकडे बघतेस तसंच काहीसं. घरचीच विद्या म्हणायची.

फार काळजी करत बसू नकोस. माझ्या वाटची माया साठवून ठेव, परीक्षा झाली की वसूल करायला येते.

तुझी,
ठकू


घर
१५ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा एवढंच लिहिते की सुट्टीत दोन दिवस तरी घरी ये. काही बोलायचं आहे. माझं आजारपण नाही, कोणी गेलेलं नाही, घाबरू नकोस. पण कागदावर उतरत नाही.

सराव आहे हे मला माहीत आहे. कप्तानला माझं नाव सांग. म्हणावं, आईनं बोलावलं आहे.

वाट बघते.

तुझी,
आई


वसतिगृह, खोली २३
२१ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सुट्टीत आले नाही म्हणून तू रुसली असशील. यायला हवं होतं. आता लिहिते आहे ते सरळ लिहिते, मध्ये थांबले तर लिहून होणार नाही.

स्पर्धा १८ तारखेला झाली. मोठं सभागृह, पुढे अंधार आणि आमच्यावर झगमगाट. पहिलं गाणं उत्तम झालं. दुसऱ्याच्या वेळी वरचे दिवे विझवले आणि मागून फक्त निळा उजेड सोडला. दिसायला सुंदर असेल. पण मला कोणाचं तोंड दिसेना. मी सूर दिला, गाणं सुरू झालं, आणि मी माझ्याच डोक्यातल्या आवाजाला धरून गात राहिले. तो हळूहळू खाली घसरत होता. मला कळलं नाही. माझ्या शेजारच्या दोघी माझ्यावर विसंबून घसरल्या, मग मधल्या चौघींतल्या दोघी. वरच्या आपल्या जागी खऱ्याच होत्या. एका गाण्याची दोन गाणी झाली. समोर कोणीतरी हसलं म्हणे. मला तेही ऐकू आलं नाही. कप्ताननं हात वर करून गाणं थांबवलं तेव्हा सगळ्या थांबल्या. मी मात्र आणखी एक ओळ गायले. एकटीच.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. दंतवैद्याची मुलगी पुढच्या बाकावरून मागे वळून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ मला नीट वाचता आले. झोप येत होती तर आलीस कशाला, असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी एक लोखंडी चिमटा वाजवून कानासमोर धरला. कुठे लांबून आल्यासारखा वाटला. मग तोच कानामागच्या हाडावर टेकवला, तर घणघणला. त्या म्हणाल्या की कानाच्या अगदी आत तांदळाच्या दाण्याहून लहान एक हाड असतं, ते आवाजाबरोबर हलतं. माझं घट्ट बसत चाललं आहे. आधी खालचे सूर जातात. मग हळूहळू बाकीचे.

त्यांनी विचारलं की घरात कोणाला कमी ऐकू येतं का. मी सांगितलं, आईला, पण ते छापखान्यातल्या मशिनींमुळे. त्यांनी विचारलं की कोणत्या वयात सुरू झालं, बाळंतपणाआधी की नंतर. मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, आईला विचारून या.

म्हणून विचारते.

ठकू


घर
२५ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मशिनींनी माझे कान खाल्ले नाहीत. ते खोटं आहे. वीस वर्षं सांगितलेलं खोटं आहे.

तू पोटात असताना सहावा महिना लागला आणि मला नळ गळायचा आवाज येईनासा झाला. दूध उतू गेलं की वासावरून कळायचं. तुझा जन्म झाला तोवर एक कान जवळजवळ गेला होता. तुला झोपवताना मी तुझ्या छातीवर हात ठेवून पडायचे, तू रडलीस की हाताला कळायचं. डॉक्टरांनी मला त्या हाडाचं तेच सगळं सांगितलं जे तुला सांगितलं. म्हणाले, घराण्यात चालतं, बायकांत जास्त, आणि बाळंतपणात कधी कधी झपाट्यानं वाढतं. माझ्या आईलाही कमी ऐकू यायचं, आम्ही म्हातारपण समजत होतो. एका कानाचं ऑपरेशन करून पाहिलं, त्या कानाचं होतं नव्हतं तेही गेलं. दुसऱ्याला मी हात लावू दिला नाही.

तुझी आजी, तुझ्या बाबांची आई, मनानं वाईट नव्हती. पण तिनं बारशाला आलेल्या बायकांसमोर म्हटलं की पोर पांढऱ्या पायाची निघाली, येताच आईचे कान खाल्ले. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हटलं. तुझे बाबा त्याच छापखान्यात कापणीच्या मशीनवर होते, आणि मी बांधणीत वर्षभरापूर्वीच लागले होते. त्या दिवशी ते जेवणावरून उठले आणि घरभर सांगितलं की डॉक्टर म्हणतात मशिनीच्या आवाजानं झालं. मला खुणेनं विचारलं, चालेल ना? मी मान हलवली. लोखंडाला कोणी पांढऱ्या पायाचं म्हणत नाही.

मग ते गेले, तू नऊ वर्षांची होतीस, आणि खोटं माझ्या एकटीच्या पदरात राहिलं. बाराव्या वर्षी तू छापखान्यात येऊन फोरमनसाहेबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस की माझ्या आईचे कान परत द्या. ते म्हातारे गृहस्थ रडले. त्यानंतर त्यांनी मला मशिनीपासून लांब, खिडकीपाशी जागा दिली. तेव्हाही मी गप्प बसले.

ऑक्टोबरात तुझं पत्र आलं. आवाज पोचत नाही, भोजनालयात ऐकू येतं. वाचल्या वाचल्या मला सगळं समजलं. तरी वाटत राहिलं की सर्दी असेल. इतर काहीही असेल. आणि सांगायला घेतलं की आजीचं ते वाक्य पुन्हा माझ्याच हातानं तुझ्यापुढे येणार, याची भीती वाटली.

तुझ्यामुळे माझे कान गेले असं मनातही आणू नकोस. ते जाणारच होते. आणि आधी कोणी विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं की पोर येऊ द्या. जास्त लिहिलं तर खोटं वाटेल.

काय बोलायचं ते बोल. पण बोल.

तुझी,
आई


वसतिगृह
२ फेब्रुवारी

आईस,

पत्र मिळालं.

तू मला आजीच्या एका वाक्यापासून वाचवलंस आणि भरल्या सभागृहात दहा जणींसकट पाडलंस. ऑक्टोबरात सांगितलं असतंस तर मी कप्तानला सांगितलं असतं. फुंकणी वापरली असती. बाजूला झाले असते. काहीही केलं असतं. सहा वर्षांनी गेल्या होत्या त्या.

कान गेले त्याचा राग नाही. तुला माहीत होतं, याचा आहे.

सध्या मला पत्र लिहू नकोस.


घर
१२ फेब्रुवारी

चि. ठकूस,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे, आई आहे म्हणून.

तुझं म्हणणं बरोबर आहे. जेवत जा, एवढंच.

आई


वसतिगृह, खोली ८
२१ फेब्रुवारी

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी बिनसाजची कप्तान. ठकूच्या बोलण्यातून तुम्ही मला ओळखत असाल, आणि मी वेळेची कडक आहे एवढंच तिनं सांगितलं असेल.

ठकू महिनाभर सरावाला आलेली नाही. वर्गात जाते, ग्रंथालयात बसते, आम्ही दिसलो की दुसऱ्या दारानं निघून जाते. तिच्या खोलीतल्या मुलीकडून तिच्या कानाचं समजलं. तुमच्या पत्राचंही थोडंसं समजलं, त्याबद्दल क्षमा करा.

मला एक कबूल करायचं आहे. तीन महिने ती आमच्या तोंडाकडे टक लावून गात होती आणि मला ते दिसत होतं. मला वाटलं ती शिष्ट आहे, चुका शोधते आहे आमच्या. निळ्या दिव्याची कल्पनाही माझीच होती. बसमध्ये तिच्याशेजारी मी बसायला हवं होतं. जागा मला दिसत होती. मी बसले नाही, कारण मला राग आला होता.

दंतवैद्याची मुलगी तीनदा तिच्या दाराशी जाऊन आली. तिसऱ्यांदा दाराखालून चिठ्ठी सरकवली.

आम्ही बोलावून ती येत नाही. तुम्ही आलात तर येईल, असं मला वाटतं. येण्या-जाण्याला त्रास होणार असेल तर मी बसथांब्यावर घ्यायला येईन. मी वेळेवर येते.

आपली,
कप्तान


घर
२६ फेब्रुवारी

चि. कप्तानला,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी सकाळच्या बसनं येते. माझ्याशी बोलताना समोर उभी राहा आणि घाई न करता बोल, मला ओठांवरून कळतं. ओरडू नकोस, ओरडताना लोकांचे ओठ वेडेवाकडे होतात.

तू राग आल्याचं लिहिलंस ते चांगलं केलंस.

ठकूची आई


वसतिगृह, खोली २३
९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बसमध्ये बसलीस आणि मी थांब्यावर तशीच उभी राहिले, बस वळेपर्यंत. तोंडानं बोलायचं राहिलं ते आता लिहिते.

जिन्याच्या पायरीवर तुला बसलेलं पाहिलं तेव्हा माझा राग गेला नाही. मला वाटलं होतं जाईल. तो आणखी आठ-दहा मिनिटं होता. मग त्या दहा जणी तुझ्यासाठी गायल्या, आणि तू एकेकीच्या तोंडाकडे बघत होतीस, अगदी मी बघते तशी. सगळ्यांच्या लक्षात आलं. दंतवैद्याची मुलगी गाताना रडली आणि तिचा सूर फाटला. कप्ताननं थांबवलं नाही. तिनं न थांबवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर त्या गेल्यावर मी जे केलं ते डॉक्टरीणबाईंच्या चिमट्यावरून सुचलं होतं. हाडातून आवाज जातो म्हणाल्या होत्या. म्हणून तुझ्या कपाळाला कपाळ टेकवून गायले. माझा आवाज तू कधीच धड ऐकला नाहीस. मनात होतं की निदान एक ओळ पोचेल. मी थांबले, तुझ्याकडे पाहिलं. तुला हो म्हणणं किती सोपं होतं. मी आयुष्यभर खरं मानलं असतं. पण तू म्हणालीस की नाही गं, काही आलं नाही, नुसतं कपाळ गरम लागलं. आणि लगेच विचारलंस, ताप आहे का तुला?

आई, त्या वेळी माझा राग गेला.

आणि ताप खरंच होता. दोन दिवस पडून होते. आता बरी आहे.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनची घाई करू नका म्हणाल्या. तुझ्या कानाचं झालं ते त्यांना सांगितलं. दहातल्या आठ-नऊ जणांना गुण येतो, पण उरलेल्यात आपण नसू असं छातीठोकपणे सांगता येत नाही, असं म्हणाल्या. सध्या यंत्र लावून पाहायचं ठरलं आहे.

तुझ्यावर रागावले होते त्याची माफी मागत नाही. रागावायलाच हवं होतं. पण लिहू नकोस म्हटलं ते चुकलं. लिही. रोज लिहिलंस तरी वाचीन.

तुझी,
ठकू


घर
२ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

ताप गेला हे बरं झालं. मी नाही म्हटलं त्याबद्दल तू लिहिलंस. हो म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, हे तुला माहीत असावं. परतताना बसमध्ये माझी मीच विचारत राहिले की कपाळाशी आलेली लेक तशीच पाठवणारी मी कसली आई. तुझं पत्र आलं आणि मग झोप लागली.

परवा फोरमनसाहेबांना खरं सांगितलं. ते पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन घरी बसतात. म्हटलं, या माणसानं हे ओझं बरोबर नेऊ नये. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं की मशिनींचा दोष नव्हता, तुमचा तर नव्हताच. मला वाटलं रागावतील. चष्मा काढून पुसला त्यांनी. म्हणाले की मग खिडकीची जागा उगाच दिली म्हणायची. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला द्या, मी मशीनपाशी बसते, तिथे मला बोलणं जास्त समजतं. त्यावर ते इतके हसले की बाकीच्या बायका बघायला लागल्या. मग पुन्हा चष्मा पुसला. बारा वर्षांच्या त्या मुलीला माझा आशीर्वाद कळवा म्हणाले. कळवला.

नव्या जागी बसते आहे. उजेड कमी आहे, पण शेजारणीच्या सासूच्या सगळ्या भानगडी आता पहिल्यापासून कळतात.

यंत्र लावायला लाजू नकोस. मी लाजले, त्यात दहा वर्षं गेली आणि मग यंत्राचाही उपयोग उरला नाही. तुझ्यावर जीव आहे हे कागदावर लिहायची गरज नसावी, तरी लिहिते.

तुझी,
आई


वसतिगृह, खोली २३
१७ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नवं वर्ष सुरू झालं. यंत्र आता अंगवळणी पडलं आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि बाईंचं एकही वाक्य निसटत नाही. त्यांची वाक्यं न निसटण्यासारखी होती का, हा वेगळा प्रश्न. गाण्याला मात्र यंत्र चालत नाही. त्यातून सूर असे येतात की जणू पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावेत. एप्रिलमध्ये मी प्रयत्न करून पाहिला होता, तुला लिहिलं नाही. तीन दिवस सरावाला गेले. चौथ्या दिवशी मीच कप्तानला सांगितलं की आता मला जमणार नाही. तिनं समजूत घातली नाही, फक्त माझ्याबरोबर खोलीपर्यंत चालत आली. आता ती शिकून बाहेर पडली. जाताना दंतवैद्याच्या मुलीला कप्तान करून गेली.

माझी जागा भरायची होती. काल नवीन मुलींची निवड झाली आणि नव्या कप्ताननं मला पंचांत बसवलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली की खालचा सूर कसा असावा हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. नऊ जणी आल्या. सातवी एक बुटकी, घाबरलेली पोरगी, तिचे वडील घड्याळं दुरुस्त करतात. तिनं गायला सुरुवात केली तेव्हा मला जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. पण ती खांदे न उचलता श्वास घेत होती, आणि सूर संपेपर्यंत तिचा गळा एकसारखा होता, थरथर नाही. मी इतरांकडे पाहिलं, त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी तिचं नाव लिहिलं. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं.

आज दुपारी तिला माझा सगळा भाग शिकवला. कुठे चोरून श्वास घ्यायचा, कुठे शेजारणीवर सोडायचं, कुठे अजिबात सोडायचं नाही. कुठे उभं राहायचं तेही दाखवलं, उजवीकडून तिसरी. ती म्हणाली की ताई, तुम्ही का सोडलंत? मी तिला खरं ते सांगितलं. मग खोलीवर येऊन दार लावून खूप रडले. हे तुला लिहिते, कारण न लिहिता बरी आहे म्हटलं असतं तर तू ओळखलंच असतंस.

संध्याकाळी त्यांचा पहिला सराव होता. मी आत गेले नाही. जिन्याच्या दाराबाहेर बसले, यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि ऐकत राहिले. वरच्या ऐकू येत होत्या, मधल्याही थोड्या थोड्या. खालचा सूर मला ऐकू आला नाही, आई. पण तो होता. गाणं संपेपर्यंत वरच्यांतली एकही डगमगली नाही.

तुझी माया आहे तेवढी पुरे आहे. तेवढीच राहू दे.

तुझी,
ठकू